पॉवर बँकेवर सर्किट चालवताना करंट लिमिट आपणच बसवायचं

टेबलावरचा पॉवर सप्लाय दोन कामं करतो: हवं ते व्होल्टेज देतो आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त करंट जाऊ देत नाही. पॉवर बँकेवर सर्किट चालवताना व्होल्टेजची सोय सगळेच करतात, करंटची मात्र राहून जाते. बँकेत शॉर्ट सर्किटचं संरक्षण असतं, पण ते बँक वाचवण्यासाठी. ब्रेडबोर्डवर उलटी बसलेली आयसी जळायला अर्धा अँपिअर पुरतो, आणि तेवढ्याने बँकेचं संरक्षण जागंही होत नाही. म्हणून माझ्या जुळणीत करंट लिमिटचं मॉड्यूल सगळ्यात महत्त्वाचं.

मी वापरतो ते असं: २० व्होल्ट देणारी ४५ वॅटची यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे किती व्होल्ट द्यायचे ते बँक आणि उपकरण आपसात बोलणी करून ठरवतात) पॉवर बँक, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल, बँकेकडे २० व्होल्ट मागणारा ट्रिगर बोर्ड आणि एक्सएल४०१५ चिपचं बक मॉड्यूल (व्होल्टेज खाली आणणारं). मॉड्यूल घेताना त्यावर दोन ट्रिमपॉट (फिरवून सेटिंग बदलायचे छोटे स्क्रू), एक व्होल्टेजचं आणि एक करंटचं, आहेत ना ते बघा. एकच असेल तर ते फक्त व्होल्टेजचं असतं. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टातून येणाऱ्या केबलवर पीडीची बोलणी होत नाहीत, ५ व्होल्टच मिळतात. १२ व्होल्टचा ट्रिगर मी टाळतो. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत; १२ देणं बँकेच्या मर्जीवर असतं. ट्रिगर जोडला की आधी मीटरने व्होल्टेज मोजायचं, मगच मॉड्यूल लावायचं. मॉड्यूलवरच्या एक्सएल४०१५ चिपला किमान ८ व्होल्ट लागतात. त्यामुळे बोलणी फिसकटून ५ व्होल्टच आले, तर मॉड्यूल बिघडलंय असं उगाच वाटतं.

आता सेटिंग. आउटपुटला काहीही न जोडता व्होल्टेजचं ट्रिमपॉट फिरवून ५ व्होल्ट आणायचे. मग करंटचं ट्रिमपॉट घड्याळाच्या उलट्या दिशेने अगदी शेवटपर्यंत, टिकटिक ऐकू येईपर्यंत फिरवायचं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटात घालायची आणि मीटरच आउटपुटच्या दोन टोकांना लावायचा, म्हणजे मुद्दाम केलेला शॉर्ट. ट्रिमपॉट हळूहळू सुलट फिरवत आकडा ०.२ वर आला की थांबायचं. नव्या सर्किटच्या पहिल्या चाचणीला २०० मिलीअँपिअर मला योग्य वाटतात. लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटात परत घाला, नाहीतर पुढचं व्होल्टेज मोजताना पुन्हा शॉर्टच होईल.

१०० मिलीअँपिअरच्या खाली या मॉड्यूलवर भरवसा ठेवू नये. शंट (करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेला छोटा रेझिस्टर) सहसा ०.०५ ओहमचा असतो, म्हणजे १०० मिलीअँपिअरला त्यावर जेमतेम ५ मिलीव्होल्ट पडतात, आणि ते मोजणाऱ्या ऑपअँप चिपची स्वतःची चूकच काही मिलीव्होल्टची असू शकते. शिवाय आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो. १२ व्होल्टला २२० मायक्रोफॅरडमध्ये सुमारे १६ मिलीज्यूल साठलेले असतात. चालू सप्लायला नुसता एलईडी लावला, तर लिमिटचा संबंध येण्याआधीच ते जवळजवळ सगळे त्याच्यातून जातात. त्यामुळे एलईडीला रेझिस्टर लागतोच, आणि व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त ठेवू नये.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बहुतेक स्वस्त मॉड्यूलमध्ये शंट ऋण बाजूला असतो, म्हणजे इनपुटचा ग्राउंड आणि आउटपुटचा ग्राउंड एक नसतात. त्याच बँकेच्या दुसऱ्या पोर्टवर मायक्रोकंट्रोलर चालवून त्याचा ग्राउंड सर्किटला जोडला, की करंट शंटला वळसा घालून परततो. लिमिट लावलेलं असतं, पण काम करत नाही. सगळं एकाच आउटपुटवरून चालवा. दुसऱ्या पोर्टला काही लावलं की बऱ्याच बँका नव्याने बोलणी करतात आणि आउटपुट क्षणभर बंद पडतं, हेही त्यामुळे टळतं.

बँक आपोआप बंद होण्याचा त्रास वेगळा. फोन चार्ज झाला असं समजून ती साधारण ५० ते १०० मिलीअँपिअरच्या खाली अर्ध्या मिनिटात बंद होते. बँक ५ व्होल्ट देत असताना तिच्याच आउटपुटला ४७ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर लावला की १०६ मिलीअँपिअर वाहतात आणि बँक जागी राहते. पण १०००० मिलीअँपिअर-तासांची भरलेली बँक हा एकटा रेझिस्टर अडीच दिवसांत संपवतो. त्यापेक्षा तोच रेझिस्टर २एन२२२२ ट्रान्झिस्टरमधून दर १० सेकंदांनी अर्धा सेकंद चालू करा. बेसला (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाला) ४७० ओहमचा रेझिस्टर. सरासरी खर्च ५ मिलीअँपिअरवर येतो. किती वेळाने आणि किती लांब पल्स लागते ते बँकेगणिक बदलतं, ते करून बघूनच ठरवावं लागतं. हाच ४७ ओहमचा रेझिस्टर २० व्होल्टवर लावू नका, साडेआठ वॅटने जळेल.

बँकेवरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो. २०००० म्हणजे ७४ वॅट-तास. बँकेतली आणि मॉड्यूलमधली घट धरली तर हाती ५५ च्या आसपास येतात. ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर खाणारं सर्किट त्यावर २२ तास चालावं.

बहुतेक वेळ झोपणाऱ्या सेन्सरला मात्र पॉवर बँक नकोच. तिथे प्रोटेक्शन सर्किट असलेला एक १८६५० लिथियम सेल, धन टोकाजवळच २ अँपिअरचा फ्यूज आणि कमी ड्रॉपआउटचा (आउटपुटपेक्षा थोडंसंच जास्त व्होल्टेज लागणारा) ३.३ व्होल्ट रेग्युलेटर. एएमएस१११७ हा रेग्युलेटर इथे चालत नाही. त्याला आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त लागतं आणि सेल भरलेला असतानाही ४.२ च देतो. वर तो स्वतःच काही मिलीअँपिअर खातो. ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) असेल तर वायफाय चालू होताना करंट क्षणभर ३००-५०० मिलीअँपिअरपर्यंत उसळतो, म्हणून रेग्युलेटर निदान ५०० चा हवा आणि बोर्डाच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तरीही बोर्ड रीसेट होत राहिला, तर कोडमध्ये चुका शोधण्याआधी वायर बदला. ब्रेडबोर्डच्या बारीक जंपरऐवजी जाड आणि आखूड वायर थेट सोल्डर करा.