सर्दी झालीये हे सांगितलंच कशाला?

युगांडाहून येऊन आता आठ महिने झाले, पण अजून कोणी घरी आलं आणि फोटो निघाले की प्रश्न ठरलेला, आणि तो गोरिलाबद्दल नसतोच. नणंदेने तर तीनदा विचारलंय, "अगं वहिनी, पण दादाने सांगितलंच कशाला सर्दी झालीये म्हणून? एक गोळी घ्यायची, रुमाल खिशात ठेवायचा आणि चालायला लागायचं!" सोसायटीतले काका लोक तेच जरा हिशोबात विचारतात, म्हणजे ७० हजार गेले ना पाण्यात? तर तुम्ही विचारलंत म्हणून, सगळ्यांना एकदाच सांगून टाकते.

लेक कंपालाला नोकरीला आहे, तिने आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला जंगलात गोरिला बघायला जायची दोन परमिटं काढून ठेवली होती. माणशी ८०० डॉलर, आणि हे स्वस्त बरं का, शेजारच्या रवांडात १५०० आहेत. कंपालाहून बुहोमाला, म्हणजे ब्विंडीच्या जंगलाच्या उत्तरेकडच्या गेटला, दिवसभराचा रस्ता. शेवटचा तुकडा थेट आपल्या कोकणातल्या घाटासारखा, माती पण तशीच लाल, फक्त डोंगराच्या पार टोकापर्यंत केळी. गाडीत एसी फुल, आणि आमच्या यांना एसी सोसत नाही. लॉजवर पोचेपर्यंत नाक गळायला लागलं होतं.

सकाळी गेटवर ब्रीफिंग असतं. आठ-आठ जणांचे गट पाडतात, गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसात एकच गट भेटणार, तोही एकच तास. रेंजर मॅडमनी नियम सांगितले, दहा मीटर अंतर (कोविडच्या आधी सात होतं), मास्क काढायचा नाही, गोरिला जवळ आला तर आपण मागे सरायचं. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, कोणाला सर्दी, ताप, जुलाब? सगळे गप्प. मी पण गप्प, खोटं कशाला बोलू, उलट मी यांच्या बुटावर बूट दाबून धरला होता. तरी यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला, आणि यांना लॉजवरच थांबावं लागलं.

मी तेव्हा इतकी चिडले की चालायला लागल्यावर अर्धा तास पोर्टरशीसुद्धा बोलले नाही. मग वाटेत दम खायला थांबलो तेव्हा गाइडलाच विचारलं, साध्या सर्दीने काय होतंय एवढ्या मोठ्या जनावराला? नर गोरिला दीडशे किलोच्या वर जातो, त्याला काय शिंक लागणार? त्यावर त्याने जे सांगितलं ते आणि नंतर मी घरी येऊन वाचलं ते मिळून असं आहे.

२००९ मध्ये रवांडात हिरवा नावाच्या एका गोरिला कुटुंबात खोकला सुरू झाला (नाव आपल्याला रंगासारखं ऐकू येतं, त्यांच्या भाषेत अर्थ नशीबवान). घरात बारा जण, त्यातले अकरा आजारी. एक मोठी मादी आणि एक नुकतंच जन्मलेलं पिल्लू गेलं. तपासलं तर दोघांत सापडला एचएमपीव्ही नावाचा विषाणू, २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे टीव्हीवाल्यांनी ज्याच्यावरून रान उठवलं होतं ना, तोच. आपल्याला तो बहुतेक वेळा चार दिवसांची सर्दी देऊन जातो. त्यांचं शरीर आपल्यासारखंच आहे पण आपले आजार त्यांच्या शरीराच्या ओळखीचे नाहीत, आणि तिथे कोणी वाफारा द्यायला बसलेलं नाही.

आणि ब्विंडीत तर १९९६ मध्ये खरूज आली होती. साधी खरूज! एक पिल्लू दगावलं. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका म्हणून युगांडाच्या वन्यजीव डॉक्टर आहेत, त्यांनी छडा लावला तर ती माणसांकडून आलेली, बहुधा शेतातल्या बुजगावण्याच्या कपड्यांतून. गोरिला केळीचं खोड खायला शेतात उतरतात, तिथे तो जुना शर्ट हाताळला असणार. तेव्हापासून या बाई गोरिलांच्या तब्येतीसाठी आधी आसपासच्या गावांची तब्येत सांभाळायच्या कामाला लागल्या, जे मला एकदम पटलं.

बरं, एक मादी गेली म्हणजे काय? साडेआठ महिने पोटात, आणि मग साधारण चार वर्षांनी पुढचं पिल्लू. म्हैसूरच्या झूमध्ये आपण गोरिला बघतो ते वेगळे, सखल जंगलातले. हे डोंगरवाले कुठल्याही झूमध्ये नाहीत, म्हणजे स्पेअर नाहीच. २०१५-१६ च्या मोजणीत विरुंगाच्या डोंगरात (युगांडा, रवांडा आणि काँगोच्या सीमेवर) ६०४ आणि २०१८ च्या मोजणीत ब्विंडीकडे ४५९, मिळून १०६३. आमच्या कॉलेजच्या एका स्नेहसंमेलनाला यापेक्षा जास्त माणसं होती.

तर तो तास. सुमारे तीन तास चढउतार, हाताला खाजकुयलीची बहीण शोभेल असं काहीतरी लागलेलं, आणि अचानक वास. घामाचा, आंबूस, जिममधल्या मोज्यासारखा. मग झुडपात काळी पाठ, पाठीवर चांदीचा पट्टा. सिल्व्हरबॅक, म्हणजे कुटुंबातला मोठा नर, बसून देठ सोलत होता, आपण शेवग्याची शेंग सोलतो तसा, दाताने वरचा दोर ओढून काढायचा आणि आतलं तेवढं खायचं. गाइड घसा खाकरल्यासारखा घुमवत होता, ह्म्म्म, म्हणजे आम्ही आपलेच आहोत. सिल्व्हरबॅकनेही तसंच उत्तर दिलं. आणि मग मोठ्याने वारा सोडला. कोणी हसलं नाही, मास्कमुळे वाचलो.

गाइड त्यांना नाकावरून ओळखतात. नाकपुड्यांच्या वर जे वळसे असतात ते प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्याचे चक्क कागदावर चित्र काढून ठेवतात. मला दहा-पंधरा मिनिटं सगळे सारखेच दिसत होते, मग हळूहळू एकीचं नाक बसकं आणि मधे खाच असलेलं कळायला लागलं. तिच्या मांडीवर वर्षाच्या आतलं पिल्लू होतं. ते सुटलं आणि कुतूहलाने थेट आमच्याकडेच यायला लागलं, डुलत डुलत, दोनदा पडलं. आम्ही मागे, ते पुढे. आणि नेमकं तेव्हाच माझ्या नाकात हुळहुळलं. वरचा ओठ दाबून, श्वास कोंडून, डोळ्यात पाणी येईस्तोवर उभी राहिले, आणि मनात म्हटलं बरं झालं हे नाहीयेत इथे. शपथ.

एक प्रश्न रास्त आहे, की मग माणसांना सोडायचंच कशाला? २०२० मध्ये कोविडमुळे बंदच होतं की. त्याच जूनमध्ये इथला रफिकी नावाचा सिल्व्हरबॅक भाल्याने मारला गेला. मारणारा रानडुकराच्या मागे आला होता, अकरा वर्षांची शिक्षा झाली. पर्यटक नाहीत म्हणजे गावात पैसा नाही, मग लोक जंगलातच जाणार. परमिटच्या पैशातला एक वाटा गावांना मिळतो, माझा पोर्टर त्यातलाच शेतकरी. विरुंगात १९८१ ला जेमतेम अडीचशे उरले होते, तिथून ६०० झाले ते याच भानगडीतून. मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. हे लॉजच्या बागेत शाल गुंडाळून, मांडीवर कॅमेरा घेऊन खुर्चीत. मॅनेजरने सांगितलं होतं की बुहोमात कधीकधी गोरिला लॉजच्या बागेतच येतात. तीन आल्याचे चहा आणि एक रोलेक्स झालं होतं (घड्याळ नव्हे, चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात). अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. गोरिला काही आले नाहीत. लॉजची बकरी आली, तिचे एकेचाळीस फोटो आहेत, आणि पाहुण्यांना ते माझ्या सिल्व्हरबॅकच्या आधी दाखवतात, नाकावर झूम करून.