कोपरा कोरा निघाला तेव्हा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमची प्रयोगशाळा दुपारीच ओस पडू लागली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या डिचोलीच्या मुलीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायला घरी पोचायचं होतं. पण चिकुनगुनियाच्या विषाणूवर दोन औषधं एकत्र कशी चालतात हे पाहायला लावलेली प्लेट आजच रंगवायला हवी होती.

९६ खणांची प्लेट. एक औषध आडव्या ओळीत पातळ होत जातं, दुसरं उभ्या. त्यामुळे प्रत्येक खणात दोघांचं प्रमाण निराळं. कडेचे खण लवकर सुकतात, तिथे आम्ही औषध घालत नाही. तळाशी व्हेरो पेशींचा, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा थर. विषाणूने पेशी मारल्या की थर सुटून जातो आणि क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घातल्यावरही खण कोरा राहतो. पेशी तगल्या तर जांभळा.

दोन्ही औषधं एकेकटी चांगली ठरली होती. दोन्ही भरपूर असलेला कोपरा सगळ्यात गडद यायला हवा होता. तोच कोरा निघाला.

“मॅडम, औषधांनीच पेशी मेल्या असतील.”

शंका रास्त होती. त्यासाठीच विषाणू न घातलेली जोडीची प्लेट असते. औषधं तीच, प्रमाणं तीच. घाईत ती गाळणारे लोक मी पाहिलेत, मला ते कधीच पटलेलं नाही. आम्ही ती रंगवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी! म्हणजे पेशी विषाणूनेच मारल्या होत्या, आणि दोन औषधांनी मिळून त्याला रान मोकळं करून दिलं होतं.

असं पूर्वीही दिसलेलं आहे. रिबाव्हिरिन या विषाणूरोधी औषधामुळे झिडोव्हुडिन या दुसऱ्या औषधाचा एचआयव्हीवरचा परिणाम घटतो, हे १९८७ मध्ये प्रयोगशाळेतच कळलं. रेमडेसिव्हिरसोबत क्लोरोक्विन देऊ नये, ही अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची जून २०२० मधली सूचनाही पेशींवरच्या प्रयोगांतूनच आली. झिडोव्हुडिन काय, रेमडेसिव्हिर काय, पेशीत शिरल्यावर फॉस्फेट जोडले गेले तरच कामाला येतात. ती पायरी अडली की औषध असून नसल्यासारखं. आमच्या जोडीतलंही एक याच जातीचं, म्हणून माझा संशय तिथेच गेला.

चिकुनगुनियावर अजून मान्यताप्राप्त औषध नाही. ताप उतरूनही महिनोन्महिने जिना चढता न येणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना दोन औषधं दिली की दुप्पट गुण येईल, असं कोणालाही वाटेल. म्हणून हा कोरा कोपरा मला एखाद्या यशस्वी जोडीइतकाच मोलाचा वाटतो.

“मग ही जोडी सोडून द्यायची?” तिने विचारलं.

नाही. अहवालात ती प्लेट फोटोसकट जाणार. आणि सणानंतरच्या प्लेटचा आराखडा आम्ही तेव्हाच काढला: दुसरं औषध काही तास उशिरा घालायचं, पहिल्याला पेशीत शिरून तयार व्हायला तेवढा वेळ द्यायचा.