पेशी लहान करणारी ताई

डोळ्यांच्या एका आजारावरच्या संशोधनासाठी रक्त घ्यायचं होतं, त्याचं संमतीपत्र नऊ पानांचं होतं. एक प्रत कन्नडमध्ये, एक इंग्रजीत. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढच्या त्या गावात आजोबांनी दोन्ही प्रती हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, "आमच्यातली कुठं हाय?"

नव्हती. बंगळूरहून निघण्याआधी मी हा विषय दोनदा काढला होता. "कर्नाटकातलीच माणसं ना? कन्नड येत असेलच," एवढ्यावर तो मिटवला गेला. मिटवणारे गृहस्थ शास्त्रज्ञ म्हणून मोठे आहेत, पण खानापूर तालुका त्यांनी गोव्याला जाताना गाडीच्या काचेतूनच पाहिलेला. मी बेळगावात शहापूरला वाढले. मराठी येतं म्हणूनच मला पाठवलं होतं. म्हणजे मराठी लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते कागदावर आणायचं नव्हतं.

मग पडवीत बसून नऊच्या नऊ पानं मी तोंडी मराठीत केली. बाहेर पाऊस कोसळत होता, कौलांचा आवाज इतका की ओरडूनच बोलावं लागायचं. कन्नड आणि मराठी दोन्ही जाणणारे शेजारचे निवृत्त मास्तर साक्षीदार म्हणून बसले होते. दोन तास गेले.

मुलगा अठरा वर्षांचा. रेटिनायटिस पिगमेंटोझा, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार. दिवसा समोरचं बारीक अक्षर वाचतो, पण बाजूनं रेडकू अंगावर आलं तरी दिसत नाही. दिवेलागण झाली की भिंतीला हात लावून चालतो. आईवडील एकमेकांची आते-मामे भावंडं. तपासणीत एमईआरटीके या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, एक आईकडची, एक वडिलांकडची. या जीनचं काम केर काढण्याचं आहे. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपल्या टोकाचा सुमारे दहावा भाग झाडून टाकतात, आणि त्यांच्या मागचा काळ्या पेशींचा थर तो कचरा गिळतो. गिळणं थांबलं की कचरा साचतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरू लागतात. हे सगळ्यांना चटकन कळलं. केर साचणं घरातल्या कुणालाही कळतं.

अडलं ते 'रिप्रोग्रामिंग'पाशी. तो काळा थर जिवंत माणसाच्या डोळ्यातून कापून आणता येत नाही, म्हणून आम्ही रक्त घेतो. शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या पेशींवर दाखवून दिलं, की चार जीन आत सोडले तर पक्की झालेली पेशी मागे जाते, आणि तिथून शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी होऊ शकते. 2012 चं नोबेल त्यांना मिळालं. पण पडवीत हे सांगायचं कसं? मी म्हटलं, "रक्तातली पेशी आम्ही परत लहान करतो. पोटातल्या गर्भाइतकी लहान. मग तिला डोळ्यातली पेशी व्हायला शिकवतो."

मास्तरांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आई तोवर गप्प होती. तिनं विचारलं, "लहान केलं की दुखणं जातं काय?"

"नाही. पेशी आपला धंदा विसरते, घराणं विसरत नाही." सगळे हसले. तीही हसली. यातून तुमच्या मुलावर उपचार होणार नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं. ती दोन्ही वेळा "बरं" म्हणाली. सह्या झाल्या, आजोबांचा अंगठा झाला.

त्यानंतरचा तास आठवला की अजून डोकं तापतं. रक्त काढून नळ्या ठेवल्या आणि मी मास्तरांची सही घ्यायला वळले, तेवढ्यात मदतीला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं त्या लशीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये खोचून टाकल्या. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. रक्त म्हटलं की बर्फ, असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. आम्हाला मात्र ते खोलीच्या तापमानाला लागतं. गार झालेलं रक्त फायकॉलवर, म्हणजे रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर, चढवून फिरवलं, की पांढऱ्या पेशींचं धुरकट कडं लालात मिसळतं आणि हाती राडा येतो. पुन्हा विचारलं, पुन्हा सुई टोचली. मुलानं निमूट दुसरा हात पुढे केला. आजी मात्र बोलायची थांबेना. आठवडाभर भाकरी खाऊन झालेलं रक्त एका दिवसात नेता म्हणाली. दहा मिलिलिटर होतं, पण हिशेब तिचाच बरोबर वाटत होता. बेळगावातून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिले, आतल्या नळ्या कलंडतील या भीतीनं.

प्रयोगशाळेतलं थोडक्यात सांगते. चार जीन सेंडाई विषाणूवर लादून आत पाठवतात. हा विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरत नाही आणि काही आठवड्यांत धुऊन निघतो, म्हणून तो आवडतो. शंभर पेशींत एकही धड मागे वळत नाही. वळते ती मात्र ओळखू येते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी विखुरलेल्या गोल पेशींमध्ये एक चपटी, काठ रेखीव, गच्च बसलेली वसाहत दिसते, जणू कुणी तव्यावर घावन घातलंय. ती सुईच्या टोकानं उचलायला हात लागतो, आणि माझा हात चांगला आहे, हे इथे लिहून ठेवते कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. त्यांना रोज नवं खाद्य लागतं, रविवारी आणि गणपतीतही. गावाला जायचं तर पेशींसाठी माणूस शोधावा लागतो, म्हशी पाळणाऱ्याची गत.

हे बहुधा मी त्या मुलाच्या आईला सांगून बसले होते. तिचे फोन यायला लागले. "जेवली का ती?"

मला ते गोड वाटायचं. नंतर गोड वाटेनासं झालं. एकदा म्हणाली, जपानात डोळ्यात घातलं म्हणे. घातलं होतं, 2014 साली, कोबेत, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात, त्यांच्याच त्वचेपासून केलेला काळा थर. त्यांचा आजार वेगळा होता, आणि नजर सुधारली नाही, घसरायची थांबली. पुढच्या रुग्णाच्या पेशींत जीनचे बदल दिसले म्हणून ते काम अडलं होतं. हे सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

पुढे काही महिन्यांनी थर तयार झाला. साध्या डोळ्यांनी दिसेल असा तपकिरी, मग काळा, भिंगाखाली सहा कोनांची फरशी बसवल्यासारखा. दिसायला निरोगी माणसाच्या थरात आणि त्यात काडीचा फरक नाही. मग डुकराच्या डोळ्यांतून काढलेली टोकं हिरव्या चमकत्या रंगात रंगवून दोन्ही थरांवर घातली. निरोग्यानं ती गिळली. याच्या पेशी त्यांना चिकटून राहिल्या, पण आत घेईनात. घास तोंडाशी न्यायचा आणि गिळायचा नाही, तसं. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. पेढे आणले गेले. मीही खाल्ला.

मराठी संमतीपत्राचा मसुदा मी त्याच आठवड्यात समितीकडे दिला. भाषांतरकारानं 'रिप्रोग्रामिंग'च्या जागी 'पुनर्कार्यक्रमण' लिहून परत पाठवलंय. मी ते खोडलंय, पण 'लहान करणे' लिहायला हात होत नाही. जागा अजून रिकामी आहे.

कारण पेढे खाल्ले त्याच रात्री मुलाच्या आईचा फोन आला होता. मी सांगितलं, लहान होत्या तोवर पेशींत काही दिसत नव्हतं, मोठ्या होऊन डोळ्यातल्या पेशी झाल्या तेव्हा दुखणं उमटलं. ती थोडा वेळ बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग मोठं कशाला केलंसा त्यास्नी?" ती म्हणाली. "लहानच ठेवायचं हुतं. आमचा पण आठवीपर्यंत चांगलाच हुता की."