एका ॲट्रिब्यूटपायी अख्खं सेशन का पाडायचं?

इंटरनेटवरच्या नेटवर्कांचे राउटर एकमेकांना राउट, म्हणजे मार्ग, कळवतात ते बीजीपी या प्रोटोकॉलने. दोन शेजारी राउटरमधली जोडणी म्हणजे सेशन, राउट कळवणारा संदेश म्हणजे अपडेट आणि त्यात राउटसोबत येणारी माहिती म्हणजे ॲट्रिब्यूट. बीजीपीचं २००६ सालचं स्टँडर्ड, आरएफसी ४२७१, चुकीच्या अपडेटबाबत कडक आहे: ॲट्रिब्यूट बिघडलेलं दिसलं की चूक कळवणारं नोटिफिकेशन पाठवा आणि सेशन बंद करा. कागदावर हे पटतं. पण नेटवर्क चालवणाऱ्याला ठाऊक असतं की यात शिक्षा भलत्यालाच होते.

याचं मूळ ऑप्शनल ट्रान्झिटिव्ह, म्हणजे प्रत्येक राउटरला समजलंच पाहिजे असं नसलेल्या, तरी पुढे जाणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये आहे. राउटरला असं ॲट्रिब्यूट ओळखता आलं नाही, तर तो आतलं न तपासता, पार्शियल बिट (वाटेत कुणाला तरी ते ओळखता आलं नाही याची खूण) लावून पुढे पाठवतो. चूक अशी अनेक नेटवर्कं बिनबोभाट ओलांडते आणि ते ॲट्रिब्यूट समजणाऱ्या राउटरपाशी पकडली जाते. तो सेशन तोडतो, ते मात्र निरपराध शेजाऱ्याशी. पूर्ण आयपीव्ही४ टेबल घेत असाल तर सुमारे दहा लाख राउट एका राउटपायी जातात. सेशन पुन्हा उभं राहतं, तोच राउट पुन्हा येतो, सेशन पुन्हा पडतं.

२७ ऑगस्ट २०१० रोजी हे जगासमोर आलं. युरोप आणि आसपासच्या भागात इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या राइप एनसीसीने आणि ड्यूक विद्यापीठाने प्रयोग म्हणून टाइप ९९चं, नियमाला धरून असलेलं ॲट्रिब्यूट जाहीर केलं. सिस्कोच्या आयओएस एक्सआर या राउटर-सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे ते पुढे जाताना बिघडलं आणि शेजारी राउटरनी सेशन तोडली.

इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफच्या ग्रो गटात नेटवर्क चालवणाऱ्या ऑपरेटरांनी आपल्या गरजा लेखी मांडल्या होत्या. ऑगस्ट २०१५च्या आरएफसी ७६०६मध्ये त्या अनुभवाची छाप ठळक दिसते. ओरिजिन (राउटचा उगम), एएस पाथ (वाटेतली नेटवर्कं) किंवा नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) बिघडला तर सेशन तसंच ठेवायचं, फक्त त्या अपडेटमधले राउट मागे घेतल्यासारखे धरायचे. ॲग्रिगेटर (राउट कुणी एकत्र केले याची नोंद) बिघडला तर तेवढाच टाकून द्यायचा, कारण राउट निवडताना त्याचा उपयोग होत नाही. कम्युनिटीला, म्हणजे राउट कसा वागवायचा हे सांगणाऱ्या खुणेला, मात्र ही सवलत नाही, आणि ते अगदी योग्य आहे: ‘बाहेर पाठवू नका’ सांगणारं नो-एक्स्पोर्ट गळून पडलं आणि राउट तसाच राहिला, तर तो नको तिथे गळतो.

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एक साधी अट: एमपी-रीच ॲट्रिब्यूट (आयपीव्ही६सारखे राउट ज्यात येतात ते) अपडेटमध्ये सर्वात आधी ठेवायचं. राउट मागे घ्यायचे तर ते कोणते हे आधी वाचता आलं पाहिजे. ते मागे राहिलं आणि मधल्याच ॲट्रिब्यूटची लांबी चुकली तर पुढचं काहीच धड वाचता येत नाही, मग सेशन तोडण्यावाचून इलाज उरत नाही. शिवाय चुकीचा अपडेट पूर्ण, राउटांसकट, लॉग करण्याची सोय सक्तीची आहे. रात्री दोन वाजता नुसतं ‘मालफॉर्म्ड ॲट्रिब्यूट’ वाचून कुणाला फोन करायचा?

तरीही आरएफसी निघालं म्हणजे राउटर सुधारले असं धरू नका. २ जून २०२३ रोजी ब्राझीलमधल्या एका लहान नेटवर्कमधून टाइप २८चं बिघडलेलं ॲट्रिब्यूट निघालं आणि दूरदूरची सेशन पडली. जुनिपरच्या जुनॉस या राउटर-सॉफ्टवेअरमध्ये ‘बीजीपी-एरर-टॉलरन्स’, म्हणजे ही नवी वागणूक, स्वतः चालू करावं लागत होतं. म्हणून नवी आवृत्ती चढवण्याआधी लॅबमध्ये हवे तसे बीजीपी संदेश पाठवणाऱ्या एक्साबीजीपीसारख्या साधनाने टाइप ८ची कम्युनिटी पाठवा, पण लांबी चारच्या पटीऐवजी ५ बाइट ठेवा. तोच राउट गेला, बाकीचे राहिले आणि लॉगमध्ये पूर्ण संदेश आला, तर या चुकीपुरता राउटर पास. सेशन पडलं तर व्हेंडरकडे तिकीट टाका, सोबत पॅकेट कॅप्चर जोडा.