कारणाच्या रकान्यात

पट्टणकोडोलीची बिरदेवाची जत्रा होऊन तीन-चार आठवडे झाले होते. पावसाळा पूर्वेच्या कोरड्या मुलखात काढून परतलेले धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, हातकणंगल्याच्या माळाला आणि ऊस तुटलेल्या रानांत बसायला लागले होते. सकाळी सहालाच फोन आला. "मॅडम, राच्च्याला लांडगं शिरलं बकऱ्यांत. तीन मेली, पाच फाडली. बिगीनं या."

मी जनावरांची सरकारी डॉक्टर. वन्यप्राण्यानं मेंढरू मारलं तर वनपालाबरोबर पंचनाम्याला मला जावं लागतं. नियम असा की ४८ तासांच्या आत कळवायचं आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी असेल ते. मेलेल्या तिन्हीत एक माडग्याळ जातीची गाभण मेंढी होती. तिच्याकडं बघून कळपाचे मालक आण्णा काही बोलत नव्हते, नुसतं घोंगडं सारखं करत होते.

वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी, एका बाजूनं जमिनीला लोळली होती. मी मेंढीच्या गळ्यावरचे केस बाजूला करून सुरीनं कातडं सोडवायला घेतलं. लांडगा सहसा गळ्याला धरतो. दाताचं भोक वरून लहान दिसतं, पण कातड्याखाली रक्त साकळून मांस काळंनिळं पडलेलं असतं. इथं गळा स्वच्छ, पांढरा. मग मागं गेले. मांड्या, शेपटीचा बुडखा, गुडघ्यामागच्या शिरा, सगळीकडं चावे आणि खाली रक्ताच्या गाठी. दुसरी मेंढी तशीच, तिसरीही तशीच. जिवंत असलेल्या पाचांतल्या एकीचा कान मुळापासून फाटून लोंबत होता. आठ जनावरं धरली आणि खाल्लं कुणालाच नव्हतं. भुकेल्या लांडग्याचं हे काम नव्हे. कुत्री होती, आणि टोळीनं आलेली. वाड्यापासून हाकेच्या अंतरावर ओढा होता, आणि ओढ्यात पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांची पोती.

मी आण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग पैसं?" मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीला वनखात्याची भरपाई नाही. मी तसं म्हटलं. त्यांची बायको चुलीजवळून उठून आली. "बाई, लांडगा येतोय तवा कोकरू उचलून न्हेतोय. मागं रगताचा थेंब ठेवत न्हाई. त्येचा पंचनामा कशावर करणार तुमी? आन् हितं मढी पडल्यात, तर त्ये लांडगा न्हाई म्हणताय."

तिचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं होतं. खरोखर लांडग्यानं नेलेलं कोकरू कागदावर येतच नाही. आणि जे येतं त्यातलं किती लांडग्याचं असतं, हे मला माझ्यापुरतं माहीत आहे. गेल्या वर्षी दोन पंचनाम्यांत, समोर रडणारी बाई आणि शाळेची फी थकलेली पोरं बघून, मी कारणाच्या रकान्यात 'लांडगा' लिहिलं होतं. दोन्हीकडं खुणा कुत्र्यांच्याच होत्या. चार पैसे मिळाले त्यांना, बरं झालं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

जखमींना टाके घातले, कान कापून टाकावा लागला, पाचांनाही रेबीजच्या लसीचा पहिला डोस दिला आणि कोल्हापूर गाठलं. दुपारी बैठक होती. विषय: आपल्या भागात लांडगे किती असावेत. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि हल्ल्यांचे लाल ठिपके. त्यांतले दोन ठिपके माझ्या सहीचे होते. मी ते लगेच ओळखले आणि बैठकीभर दुसरीकडं बघता आलं नाही.

एक कार्यकर्ते तावातावानं म्हणत होते, आकडा ठरवा, वरचे पकडून न्या. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे, तो असा उचलता येत नाही, हे वनाधिकाऱ्यांनी सांगितलं. मग प्राणिशास्त्राच्या एका संशोधक मुलीनं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं उदाहरण मांडलं. तिथं १९९९ च्या आराखड्यात ३५० लांडग्यांचं उद्दिष्ट धरलं होतं. संख्या त्याच्या कितीतरी पुढं गेली, कारण जंगलात खायला दहा लाखांहून जास्त हरणं. जमीन पोसू शकते किती आणि माणसं सोसू शकतात किती, हे दोन वेगळे आकडे निघाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकार खुली केली. परवानाधारकांचा कोटा ११९ होता, तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. २०२३ च्या नव्या आराखड्यात त्यांनी तो एकच एक आकडा धरणं सोडून दिलं.

मला तिचं सगळं पटलं, पण हरणांपाशी मी अडकले. आपल्या पूर्वेच्या तालुक्यांत हरणं कुठायत? सोलापूरच्या नान्नजला निदान काळवीट तरी आहे. इथं ससा, उंदीर-घुशी आणि उसाचं रान. इथला लांडगा वन्यप्राण्यांवर जगतच नाही, तो आण्णांच्या कळपावर जगतो. म्हणजे हा मुलूख किती लांडगे पोसेल याचं उत्तर धनगराच्या खिशात आहे, आणि तो खिसा आपण १५ हजारांत मोजतोय.

मी उठले. माझे दोन ठिपके खोटे आहेत, असं सांगितलं. सभागृह गप्प झालं. सकाळच्या गळ्याचे आणि मांड्यांचे फोटो दाखवले. लांडग्यांचा एकच कळप शंभर-दीडशे चौरस किलोमीटर सहज फिरतो, तेव्हा पाच गावांतून आलेल्या तक्रारी एकाच कळपाच्याही असू शकतात, हेही बोलले. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. कुत्री वाढवत राहिलो तर मोजायला निखळ लांडगा उरणार नाही. वाढलीत ती कुत्री, आणि त्यांना आपण ओढ्यात पोत्यानं खायला घालतोय. माझा आवाज चढला होता. कार्यकर्त्यांनी विचारलं, "मग त्या म्हाताऱ्याला पैसे कोण देणार?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही. माझी मागणी एवढीच होती की पंचनाम्यात कातडं सोलून बघणं सक्तीचं करा आणि कुत्र्यांनी मारलेल्या मेंढरांसाठी वेगळी मदत काढा. इतिवृत्तात दोन्ही नोंदवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी थर्मासात बर्फ घालून लस घेऊन गेले. कान गेलेली मेंढी उभी होती, तिचं कोकरू ढुशा देऊन पीत होतं. आण्णांनी एकेक मेंढी पायात धरून ठेवली, मी सुई दिली. सातव्या दिवशी वाडा कुंभोजच्या पलीकडं असेल, चौदाव्याला कुठं ते रान मिळेल तसं, म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यांच्या पोराचा मोबाईल नंबर घेतला.