ऑल-स्टार्स रोज तेच का वाजवायचे?

जॅझचा ट्रंपेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग याचं नाव निघालं की कोणीतरी हटकतंच: त्याचा ताफा, ऑल-स्टार्स, रोज तेच तेच का वाजवायचा? आणि नावातले सगळे तारे पुढे गेले कुठे? इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

13 ऑगस्ट 1947ला हॉलिवूडमध्ये बिली बर्गच्या क्लबात ताफा उभा राहिला, तेव्हा तारे खरेच होते. ट्राँबोनवर जॅक टीगार्डन, क्लॅरिनेटवर बार्नी बिगार्ड, ड्रम्सवर सिड कॅटलेट. काही महिन्यांत पियानोवर अर्ल हाइन्स. मोठे बँड पोसणं परवडेनासं झालं होतं आणि सहा-सात वादकांत रंग भरतो हे मे महिन्यात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दिसलं होतं. 1951त हाइन्स आणि टीगार्डन ताफा सोडून गेले. ‘इथून पुढचं ऐकू नका’ असं एके काळी मीही छातीठोक सांगायचो.

आता तेच तेच का, तर ओठांमुळे. ट्रंपेटचे वरचे सूर ओठ खातात आणि आर्मस्ट्राँगचे ओठ तिशीतच जबर दुखावले होते. म्हणून मांडणीच तशी: ‘स्लीपी टाइम’ची सलामी, लगेच द्रुत ‘इंडियाना’, सगळ्यांची मिळून काही गाणी, मग पियानो, क्लॅरिनेट, बास, ट्राँबोन, ड्रम्स अशी एकेकाची पाळी आणि गायिका. तेवढी ओठांना उसंत. हा क्रम विस्कटला तर शेवटच्या चढ्या सुरांना ओठ पुरायचे नाहीत. तमाशात रोज आधी गण, मग गवळण. तिथे कोणी नाक मुरडत नाही! ‘इंडियाना’तला त्याचा सोलो पाठ केलेला म्हणतात. असेल, पण वर्षानुवर्षं घासून उतरवलेला आहे तो.

गायिकेवर, व्हेल्मा मिडल्टनवर, समीक्षकांनी भरपूर तोंडसुख घेतलं. धिप्पाड बाई, भर रंगमंचावर स्प्लिट मारायची, आवाज बेताचा. मीही तिची गाणी आली की सुई उचलायचो. 1954च्या, ब्लूजचा संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी याच्या गाण्यांच्या रेकॉर्डने मला तोंडघशी पाडलं. त्यातलं ‘सेंट लुई ब्लूज’ जवळजवळ नऊ मिनिटांचं. हाइन्स नाही, टीगार्डन नाही. ट्रमी यंगचा खरबरीत ट्राँबोन, बिली काइलचा नेटका पियानो. व्हेल्मा ओळी सरळ टाकते, काही नटवत नाही, आणि आर्मस्ट्राँग गायला उतरतो तेव्हा जमीन तयार असते.

1942पासून ती त्याच्याबरोबर होती. जानेवारी 1961मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यात, सिएरा लिओनमध्ये, तिला पक्षाघाताचा झटका आला. फ्रीटाउनच्या इस्पितळात तिला ठेवून ताफा पुढे निघाला. 10 फेब्रुवारीला ती तिथेच गेली, घरापासून समुद्रापार, 43 वर्षांची. त्याच वर्षी ज्यूएल ब्राउन आली. क्रमात गायिकेची जागा होती, ती भरली. क्रमाची एवढी वकिली करतो मी, पण इथे आलो की जीभ अडखळते.

आणि टाउन हॉलमधलं ‘रॉकिंग चेअर’ लावलं की माझ्यातला जुना भांडखोर पुन्हा उठतो. आर्मस्ट्राँग ओळ टाकतो, टीगार्डन आळसावल्यासारखा उत्तर देतो, जणू दोघं ओसरीवर बसलेत. ट्रमी दमदार होता, मान्य. पण तो आळस कुठून आणायचा?