गाडी विकायची होती

रविवार, 7 डिसेंबर 2025

पहाटे पाचला उठून पाचगणीला जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. बायकोला रात्री सांगून ठेवलेलं की गाडीचा आवाज नेमका कुठून येतोय ते जरा लांब नेल्याशिवाय कळणार नाही, तर ती म्हणाली आवाज सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर येतो, त्यासाठी पाचगणी कशाला, आणि कूस बदलून झोपली.

गाडी म्हणजे आमची स्विफ्ट. 2008 च्या दसऱ्याला घेतलेली, लाल, पेट्रोल, जुनं 1.3 लिटरचं इंजिन. 1 लाख 64 हजार किलोमीटर झालेत. हे इंजिन नंतर बंद झालं, 2010 मध्ये 1.2 आलं. कारण सरळ होतं. 2006 च्या बजेटपासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एक्साइज कमी लागायची आणि हे पडलं 1298 सीसीचं, म्हणजे गाडी छोटी पण कर मोठ्या गाडीचा. अठ्ठ्याण्णव सीसी जास्त! मी त्या अठ्ठ्याण्णव सीसीचेच पैसे भरलेत असं समजतो आणि आजपर्यंत वसूल करतोय.

जाताना खंबाटकी घाट चढून जायचं आणि येताना बोगद्यातून यायचं, त्यामुळे जायची मजा वेगळीच. पण खरी मजा सुरूर फाट्याला आत वळून वाई ओलांडली की पसरणी घाटात. सकाळी साडेसहाला रस्त्यावर कोणी नसतं, एखादी दुधाची गाडी, एखादी वस्तीची एसटी. तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची, चार हजार आरपीएमच्या वर काटा गेला की या इंजिनचा सूरच बदलतो, खाली ते जरा आळशी आहे, दुसऱ्यातून उगाच तिसऱ्यात टाकलंत की रुसतं, पण वर गेलं की असं काही ओढतं की तुम्ही आपोआप पुढच्या वळणाची वाट बघायला लागता. आणि वळणावर गाडी नाक खुपसते तिथेच जाते. स्टिअरिंग हलकं नाही, जरा धरूनच ठेवावं लागतं, सरळ व्हायला पण ते थोडा आळस करतं, हातानेच सरळ करून घ्यायचं, पण इतक्या वर्षांत हाताला सवय झालीये. खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं, त्याच्यावर धुकं. काच खाली केली, थंडीने कान गेले.

तिसऱ्या की चौथ्या मोठ्या वळणावर खड्डा आला आणि डाव्या पुढच्या चाकातून खट् झालं. स्पष्ट. म्हणजे आवाजाचं निमित्त अगदीच खोटं नव्हतं.

वर गेलो, एक चहा, एक वडापाव, परत. साडेदहाला घरी. आईने विचारलं कुठे गेलेलास, म्हणलं पेट्रोल भरायला.

सोमवार, 8 डिसेंबर

ऑफिसला जाताना गाडी मेकॅनिक काकांकडे टाकली. त्यांनी रॅम्पवर घेतली, पहारीसारखी सळई घालून चाक इकडून तिकडे हलवून बघितलं आणि मला हाक मारली, या साहेब, बघा. लोअर आर्मचं, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचं बुश. रबर नाहीच उरलं, चिरा पडून पापड झालेला, बोट लावलं तर तुकडाच हातात आला. पुढचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले. आणि मग ते एकदम गंभीर होऊन म्हणाले, टायमिंग बेल्ट (इंजिनची लय जुळवणारा पट्टा) कधी बदललेला? मी म्हणलं साठ-सत्तर हजाराच्या आसपास. म्हणाले मग साहेब तुम्ही नशिबावर गाडी चालवताय, हा तुटला तर गाडी जागेवर उभी, ती पण घाटातच उभी राहणार, दुसरीकडे नाही. (मी पसरणीचं काही बोललो नाही.)

शॉकअप, बुश, बेल्ट, त्याबरोबर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, उघडलंच आहे तर वॉटर पंप पण, मग अलाइनमेंट. चोवीस हजारांचा अंदाज दिला. हे चोवीस म्हणजे अठ्ठावीस होतात हे मला पण माहितीये आणि त्यांना पण. म्हणलं दोन-चार दिवसांत सांगतो, आणि तशीच खडखडत घरी आणली.

बुधवार, 10 डिसेंबर

वहीत हिशोब मांडला. गाडी विकायला काढली तर किती मिळतील म्हणून एका जुन्या गाड्यांच्या डीलरला दाखवली, त्याने चारही बाजूंनी फिरून बोनेटवर टकटक केलं आणि नव्वद हजार म्हणाला, ते पण तोंड वाकडं करून. म्हणजे नव्वदच्या गाडीवर अठ्ठावीस खर्च करायचे. कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, तो काय सांगेल ते मला ठाऊक आहे म्हणून मी विचारत नाही.

2023 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून घेतलं होतं, फी पाच हजार, शिवाय ग्रीन टॅक्स. ते ऑक्टोबर 2028 पर्यंत चालेल. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल आणि त्यापुढच्या गाड्यांची फी या ऑगस्टपासून दहा हजार केलीये. नवीन नंबर प्लेटचे 745 अधिक जीएसटी मध्यंतरी भरून झालेत. म्हणजे कागद सगळे जागेवर आहेत, लोखंडाचंच काय ते बघायचंय.

आणि पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ताकद तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा फरक नुसत्या गणितानेच पडतो. आमची पूर्वी शहरात तेरा द्यायची ती आता साडेअकरा देते, त्यात इथेनॉल किती आणि म्हातारपण किती ते वेगळं काढता येत नाही. काका म्हणाले जुने रबरी पाइप आहेत, दर सर्व्हिसिंगला बघत जाऊ. गंमत म्हणजे कराडचा मामा ऊस लावतो. त्याचा ऊस कारखान्यात जातो आणि तिथून बहुतेक माझ्या टाकीत. मामाला सांगितलं तर म्हणाला मग जरा जास्त फिरव की गाडी.

शनिवार, 13 डिसेंबर

शेवटी शोरूमला गेलोच. घटस्थापनेपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आला तेव्हापासून घरात सगळे मागे लागलेत, आत्ताच घे, आत्ताच घे. आणि अट बघा, परत तीच, चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत. इतकी वर्षं झाली तरी त्या रेषेने माझी पाठ सोडलेली नाही.

आई आली नाही, तिचे गुडघे. तिला आमच्या गाडीत मागे बसायला-उठायला त्रास होतो, बाहेर येताना दाराची चौकट धरून आधी पाय काढते, मग स्वतः. हा मुद्दा पण वहीत लिहायचा राहिला होता, आता लिहितो.

लेक बरोबर होती. ती ऑगस्टमध्ये अठरा झाली, लर्निंग काढलंय. नवीन स्विफ्टचीच टेस्ट ड्राइव्ह घेतली. गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. शांत, एसी दोन मिनिटांत गार, क्लच असा की पाय ठेवला तरी पुरे. इंजिन तीन सिलिंडरचं, 82 च्या आसपास पीएस, माझं 87 होतं (होतं म्हणजे 2008 मध्ये, आता किती घोडे जिवंत आहेत देव जाणे). सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये चार किलोमीटर नेली, पण चार किलोमीटरमध्ये एकदा पण गिअर उगाच खाली टाकावासा वाटला नाही. शोरूमच्या पोराला हे सांगून उपयोग नव्हता, तो मोबाइल कसा जोडायचा ते दाखवत होता.

लेकीने मात्र वेगळंच विचारलं. बाबा, हिला सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आहेत, आपल्या गाडीला किती? मी म्हणलं शून्य. तेव्हा वरचं मॉडेल घ्यायला पैसे पुरले नव्हते आणि खरं सांगायचं तर तेव्हा असा प्रश्नच कोणी विचारत नव्हतं, रंग विचारायचे आणि अ‍ॅव्हरेज विचारायचे. ती हं म्हणाली आणि परत सीट मागेपुढे करायला लागली.

घरी आल्यावर बायको. तिने शांतपणे सांगितलं, तू तुझा जीव घेऊन पसरणीला जातोस ते तुझं तू बघ, पण ही चालवायला लागेल त्या दिवशी ती गाडी दारात नकोय. याला माझ्याकडे उत्तर नाही. अजून पण नाही. मी स्वतः त्या गाडीत निर्धास्त बसतो, पण लेकीला हायवेला सोडायचं म्हणलं की माझ्याच पोटात गोळा येतो, मग मी इतकी वर्षं कुठल्या हिशोबाने सगळ्यांना घेऊन फिरलो?

दोन्ही ठेवू म्हणावं तर पार्किंग एक. सोसायटीत दुसऱ्या गाडीसाठी वेटिंग आहे आणि रस्त्यावर लावली तर लाल रंगाचा गुलाबी व्हायला एक उन्हाळा पुरतो.

रात्री बराच वेळ खाली जाऊन गाडीत बसलो. चालू केली नाही. डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात गणपती आहे, त्याचा डबल टेप दर मे महिन्यात सुटतो आणि दर मे महिन्यात मी नवीन लावतो. ड्रायव्हर सीटची उजवी कड उसवलीये, गिअर नॉबवरचे आकडे पुसलेत, रिव्हर्स कुठे आहे ते नवीन माणसाला सांगावं लागतं.

मंगळवार, 16 डिसेंबर

ठरवलं. विकायची. मार्चमध्ये, लेकीचं पक्कं लायसन्स येईल तेव्हा. तोपर्यंत ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकेल, आमच्या गाडीला हात लावणार नाही, हे बायकोसमोर कबूल केलं.

मग काकांना फोन केला. म्हणलं काम करून टाका. विकायची आहे, पण विकायची तर धड करून विकू, घेणाऱ्याला फसवायला नको. ते म्हणाले बरोबर आहे साहेब, मग बुश आणि शॉकअप करतो, अलाइनमेंट करून देतो, बेल्ट राहू दे, तेवढे पैसे तुम्हाला कोणी देणार नाही. मी म्हणलं नाही, बेल्ट पण टाका. वॉटर पंप पण. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मागे कोणाचं तरी हातोडीचं काम चाललेलं ऐकू येत होतं. मग म्हणाले, विकणारा माणूस टायमिंग बेल्ट बदलत नाही साहेब.

सकाळी गाडी सोडून आलो. गुरुवारी संध्याकाळी मिळेल, तोपर्यंत पीएमपीची बस.